पडले असते तर

रात्री दोन-अडीचला हात उठवतो.
दुखत नाही तेव्हा. तो नसतोच.
गोधडीखालून शोधून ओढावा लागतो,
झटकावा लागतो, थर्मामीटर झटकतात तसा.
मग मुंग्या येतात अंगठ्यापासून तीन बोटांत;
करंगळी तेवढी शहाणी, या भानगडीत नाही.

सासूबाई जाग्याच असतात. म्हणतात,
"बोटं हालाडानं काम. त्याले कसानं दुखनं?"
त्यांनी जन्मभर मिरच्यांचे देठ खुडले,
हात जळजळला की ताकात बुडवला.
माझ्या हाताचं कुठल्याच ताकाला ठाऊक नाही.

मी जुन्या मोजणीच्या वह्या संगणकात भरते.
गट नंबर, हिस्सा, आकार, पोटखराबा.
दिवसाला साडेतीनशे ओळी.
शिरपूर संपलं, साक्री चालू आहे.
एक आकडा इकडचा तिकडे झाला
तर दोन भाऊ कोर्टाच्या पायरीवर दिसतील,
म्हणून जपून दाबते एकेक कळ,
मनगट टेबलाच्या धारेवर.

डॉक्टर भारंबे, पाचवी गल्ली, जिना अरुंद.
त्यांनी मनगटावर टिचकी मारली, दार वाजवतात तशी.
आतून कुणीतरी ओ दिली, थेट मधल्या बोटापर्यंत.
"इथे एक बोगदा असतो, ताई. त्यात नस चेंगरलीय."
तारा लावून तपासणी अठराशे.
रात्री बांधायचा पट्टा नऊशे पन्नास.
"आणि हाताला आराम."
हे शेवटचं फुकट सांगितलं,
तेच परवडलं नाही.

विमा आहे. ओळखपत्राच्या मागे नंबर छापलाय.
फोनवरची मुलगी गोड बोलते.
चोवीस तास दाखल होता का? नाही.
ऑपरेशन झालं? अजून नाही.
मग मॅडम, हे बसत नाही.

हिंमतभाऊ बडगुजर, एजंट, चहा बशीत ओतत म्हणाले,
"गाडीवरून पडलात असं लिहा.
पडणं बसतं. झिजणं बसत नाही."

त्या संध्याकाळी मी पडायला जागा शोधत घरी आले.
पांझरेच्या पुलावर? रस्ता नवा, गुळगुळीत,
कोण विश्वास ठेवणार.
देवपुरात वळणावर खड्डा आहे चांगला,
पण तिथला रसवंतीवाला ओळखतो मला,
उद्या त्याला विचारलं तर तो बापडा काय सांगेल?
तरी मनातल्या मनात तिथेच पडले. दोनदा.
लोक धावले. कुणी गाडी उचलली, कुणी पाणी आणलं,
एक बाई म्हणाली, फार लागलं का गं?
बरं वाटलं.
सात महिन्यांत असं कुणी विचारलं नव्हतं.

फॉर्मवर शेवटी आहे तेच लिहिलं.
कारण: टंकन. कालावधी: सहा वर्षे.
"गेले पैसे," हिंमतभाऊ म्हणाले
आणि बशी उपडी ठेवली.

फॉर्म परत आला. पण कारणावरून नाही.
सही जुळत नाही.

बँकेतल्या साहेबांनी जुना नमुना काढला.
ज्योत्स्ना ईशी.
काय सही होती माझी!
त, स, न एका दमात उतरायचे,
आणि शेवटची वेलांटी चौकटीबाहेर झोका घ्यायची.
"तीनदा करा," म्हणाले. केली.
एक घाईतली निघाली, एक म्हातारी,
एक तिसरीतली मुलगी, जोडाक्षराला अडलेली.
साहेब बराच वेळ तिघींकडे बघत राहिले,
मग म्हातारीवर बोट ठेवलं.
"ही घेऊ. यापुढे अशीच करत जा."

आता दुपारी डबा संपला की
पट्टा सोडून, पावतीच्या पाठीवर
मी तिचा सराव करते.
क्लेम प्रक्रियेत आहे, असं मेसेज म्हणतो.
साक्री संपत आली.
शिंदखेड्याच्या वह्या कालच उतरवल्या टेम्पोतून,
जाड आहेत.